उपळसरी हुंगणारा आप्पाजी

बंगळूरच्या चामराजपेटेत नरसिंगरावांची काष्ठौषधींची वखार होती. तिच्या दारात एका बुटक्या पाटावर आमच्या खानापूरकडचा आप्पाजी रोज सकाळी उपाशीपोटी बसायचा आणि मुळ्या हुंगायचा. एवढंच त्याचं काम. पण त्या कामासाठी त्यानं तंबाखू सोडली होती, सकाळचा कांदा सोडला होता आणि अंगाला साबण लावायचाही सोडला होता.

मुळ्या उपळसरीच्या. पुस्तकात तिला अनंतमूळ लिहितात, लिहू देत. बंगळूरवाले सोगदे बेरू म्हणतात, तेही खरं. आमच्याकडं बांधाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत एक बारीक वेल सरपटत जाते, पानावर मधोमध पांढरी रेघ असते, ती उपळसरी. उन्हाळ्यात तिची मुळी ठेचून मडक्यात भिजत घालायची, सकाळी गाळून गुळाचा खडा टाकायचा. अंगातली कडकी, उष्णता जाते म्हणायचे. बाळंतिणीला द्यायचे, गोवर निघालेल्या पोराला द्यायचे आणि औत सोडून आलेल्या बैलालाही द्यायचे. बैल तर पाणी संपलं तरी घमेलं चाटत उभा राहायचा.

या मुळीची एक अडचण आहे. तिच्यासारखीच दुसरी एक वेल असते. मुळी तशीच बारीक, तशीच वाकडीतिकडी, साल तशीच काळपट तांबडी. वाळल्यावर तर दोघी सख्ख्या बहिणी. फरक फक्त वासाचा. खरी मोडली की गोड वास सुटतो, खोटी मोडली की काही नाही. त्यामुळं जुडी आली की आप्पाजी तिच्यातली एक मुळी काढायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी कट्कन मोडायचा, मोडलेलं टोक नाकाखाली धरून डोळे मिटायचा. खरी असली की जुडी उजवीकडं, खोटी असली की डावीकडं. तोंडानं काही बोलायचा नाही.

तो बंगळुरात आला होता हमालीला. लढाईच्या सालात. एकदा वखारीच्या पायरीवरनं पाठीवरच्या पोत्यासकट घसरला आणि कंबर कायमची गेली. नरसिंगराव त्याला गावी परत पाठवणार होते. पडल्या पडल्याच आप्पाजी म्हणाला होता, "अण्णा, मी जातो. पण ज्या पोत्यासंगं पडलो त्येच्यात निम्मी मुळी खोटी हाय. फाटलं तवा वास यायला पायजे हुता, आला न्हाई."

नरसिंगरावांनी पोतं उलटं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट आणवला.

नरसिंगरावांचं घराणं पाच पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, पण तिच्यात कानडी इतकी मुरलेली की त्यांचं त्यांनाच कळायचं नाही. "आप्पाजी, स्वल्प थांब की रे," म्हणायचे, "सरी, सरी," म्हणून मान डोलवायचे. भल्या मनाचे, पण बढाईखोर. गिऱ्हाईक आलं की त्याला पाटाजवळ नेऊन दाखवायचे, "हे आमचं नाक. मद्रासपर्यंत असं दुसरं नाही."

आता हे नाक जर्मनीपर्यंत कसं गेलं ते सांगतो.

बंगळुरात तोवर उपळसरीचं पाणी मागं पडायला लागलं होतं. घरोघर कॉफी. नरसिंगरावांच्या स्वतःच्या घरात त्यांच्या पत्नी सुनंदाबाई दिवसातून चारदा कॉफी गाळायच्या. एकोणीसशे चोपन्नच्या उन्हाळ्यात कुठल्याशा कारखान्यातल्या जर्मन इंजिनिअरची बायको वखारीत आली. अंगभर घामोळं उठलेलं, मान लालभडक. सुनंदाबाईंनी तिला सावलीत बसवून उपळसरीच्या पाण्याचा पेला दिला. बाईनं तो रिकामा करून परत पुढं धरला. पुढं ती मायदेशी गेली तेव्हा ट्रंकेत चार जुड्या घेऊन गेली. तिच्या भावाचं हॅम्बुर्ग गावात तब्येतीच्या मालाचं दुकान होतं. दोन महिन्यांनी पत्र आलं, एक पोतं पाठवा. मग दहा पाठवा. छप्पन्न साल उजाडलं तेव्हा महिन्याला एक गाडा भरून माल मद्रासच्या बंदराला जायला लागला.

एका पत्रातनं रंगीत कागद आला. त्यावर पिवळ्या केसांची एक बाई, तोकड्या विजारीत, बर्फाच्या डोंगरावर उभी, हातात काचेचा पेला, दात काढून हसतेय. नरसिंगरावांचा मुलगा अरविंद बी.एस्सी. झालेला, इंग्रजी पत्रव्यवहार तोच बघायचा. त्यानं सगळ्यांना वाचून दाखवलं. तिकडचे शौकीन लोक म्हणे सकाळची कॉफी सोडून हे पितात, त्यानं माणूस तरुण राहतो.

रघुजी हमाल कागद उलटा-सुलटा करून म्हणाला, "बाई गारठून मराय लागलीया, आनि उष्णतेवरचं औषध पितीया. येडी म्हणायची का काय?"

"तिला दे पाठवून तुझी घोंगडी," आप्पाजी म्हणाला.

सगळं असं झकास चाललेलं असताना सत्तावन्न सालचा तो फ्लूचा ताप आला. घराघरात माणसं आडवी झाली. आप्पाजी आठ दिवस पडला. नवव्या दिवशी ताप उतरला, अंगात शक्ती नव्हती, पण भूक लागली. त्याची बायको यल्लव्वा, वखारीमागच्या बोळात त्यांची एक खोली होती तिथं चुलीपुढं बसली आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

यल्लव्वा बोलायला तिखट आणि हाताला उरकी. पण लग्न झाल्यापासनं तिच्या स्वयंपाकाला नवऱ्याच्या नाकाचा जाच होता. "डाळीला धूर लागलाय." "तेलाचं भांडं नीट घासलं न्हाईस." "आज शेणी कुणाच्या आणल्यास? म्हशीच्या हाईत." वीस वर्षं हे ऐकून ती म्हणायची, "माज्या बापानं नवरा बगितला का कुत्रं, द्येवाला ठावं."

त्या दिवशी गडबडीत रॉकेलचा डबा लवंडला. तिनं हात पुसले, पण नीट धुतले नाहीत. पहिली भाकरी तव्यावरनं उतरवली तेव्हाच भपकारा आला. बाजूला टाकायची म्हणून ठेवली आणि दुसरी थापायला वळली. वळून बघते तो आप्पाजीनं तीच उचलून ताटात घेतलेली, निम्मी संपवलेली.

ती बघत राहिली. त्यानं चटणी लावून आणखी एक घास मोडला.

"भाकरी कशी झालीया?" तिनं विचारलं.

"ब्येस हाय. जरा मीठ कमी."

यल्लव्वानं हात पुढं करून ताट काढून घेतलं.

"काय गं? खाऊ दी की. आठ दिस उपाशी हाय."

"रॉकेल खातायसा तुमी," ती म्हणाली.

आप्पाजीनं हातातला घास नाकाशी धरला. मग लसणाची पाकळी ठेचून धरली. मग उंबऱ्याजवळ वाळत घातलेली उपळसरीची मुळी मोडून धरली. बराच वेळ धरली. डोळे मिटले नाहीत.

"ताप गेला तसं ह्येबी यील," यल्लव्वा म्हणाली. "वासच हाय, कुटं जातोय."

अशक्तपणाचं निमित्त सांगून आप्पाजी पाटावर गेला नाही. महिना झाला, वास आला नाही.

सांगून टाकायला पाहिजे होतं. पण आप्पाजीच्या जागी बसून बघा. कंबर गेलेली, पोतं उचलवत नाही. गावी हिस्सा भावांनी वाटून घेतलेला. आणि सगळ्यात मोठं म्हणजे चामराजपेटेत तो कुणी होता तो त्या नाकामुळं. लोक त्याला आप्पाजी म्हणून नाही, नाकवाला म्हणूनच ओळखायचे. नाक गेल्यावर पाटावर जो उरतो त्याला काय म्हणायचं, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

"तू हुंग," तो एके दिवशी बायकोला म्हणाला.

"मी? वीस वरसं म्हनत आलाय की माज्या नाकाला नथ तेवढी शोभती!"

"म्हनलं आसंल. आता हुंग."

तिनं मुळ्या हुंगल्या. चार खऱ्या, दोन खोट्या. त्यानं मुद्दाम मिसळलेल्या होत्या, कुठली कुठून आणली ते त्याला ठाऊक होतं. एकही चुकली नाही. वीस वर्षं एवढं नाक घेऊन ती गप्प बसली होती. नवऱ्याच्या तोंडाला कोण लागणार, म्हणून.

मग त्यांनी एक रीत बसवली. सकाळी आप्पाजी पाटावर बसायचा, मुळी मोडायचा, नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा. पण जुडी उजवीकडं-डावीकडं न टाकता पुढ्यात ओळीनं ठेवायचा आणि मोडलेला तुकडा टॉवेलाच्या काठाला गाठ मारून बांधायचा. पहिल्या जुडीची पहिली गाठ, दुसरीची दुसरी. दुपारी यल्लव्वा भाकरी घेऊन यायची. वखारीमागं विहिरीच्या कट्ट्यावर तो जेवायचा आणि ती टॉवेल मांडीवर घेऊन एकेक गाठ सोडायची. खऱ्या तुकड्याची गाठ परत मारायची, खोटा तुकडा विहिरीच्या पलीकडं भिरकावून द्यायची. दुपारी पाटावर परतला की त्याला नुसत्या गाठी चाचपायच्या असायच्या. गाठ असली की जुडी उजवीकडं, गाठ सुटलेली असली की डावीकडं.

रघुजीनं एकदा बघितलं.

"आप्पाजीदा, वैनी तुमचा टावेल हुंगत्यात व्हय वो?"

"घामाचा वास जातोय का बगते," यल्लव्वा म्हणाली. "तुज्या बायकूला सांगू नगंस. ती तुजा हुंगंल आनि चक्कर यून पडंल."

राहिला प्रश्न, सकाळी निवडायचा माल दुपारवर का गेला त्याचा. नरसिंगरावांनी विचारल्यावर आप्पाजीच्या तोंडाला आलं ते त्यानं सांगितलं, "अण्णा, मुळी लांबनं येती. जरा ऊन खाल्लं, इसावली, की मग नीट बोलती. सकाळची लबाड आसती."

"सरी," नरसिंगराव म्हणाले. त्यांना ते पटलंच. पण जवळ अरविंद उभा होता, त्याला तर ते फारच पटलं. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या पत्रात जर्मनांना कळवलं, की आमच्याकडं मुळी पारखण्याआधी तिला उन्हात विसावा देण्याची जुनी पद्धत आहे. तीन महिन्यांनी नवीन पाकीट आलं. बर्फातली बाई तीच, पण तिच्या डोक्यावर आता सूर्य काढलेला आणि खाली जर्मन भाषेत छापलेलं, भारताच्या उन्हात विसावलेली मुळी. तिकडं त्याचं फार कौतुक झालं म्हणे. अरविंदनं ते वाचून दाखवलं तेव्हा आप्पाजी टॉवेलाच्या गाठी चाचपत खाली मान घालून बसला होता.

असे सहा महिने गेले. अठ्ठावन्नच्या सुरुवातीला खानापूरहून तार आली. यल्लव्वाचा थोरला भाऊ गेला. 

ती गाठोडं बांधत होती. रडली नव्हती अजून, गाडीत बसल्यावर रडणार होती.

"बारावं झाल्याबिगर मला येता यायचं न्हाई," ती म्हणाली. "तवर मुळ्यांचं काय?"

"करतो कायतरी."

"कायतरी म्हंजे काय? अण्णास्नी सांगा."

"तू जा गं. भाऊ गेलाय तुजा, आनि मुळ्या कसल्या घिऊन बसलीस."

ती गाठोडं खाली ठेवून त्याच्यासमोर बसली. "सांगा न्हाईतर नगा सांगू. पर एकाबी मुळीला मनानं व्हय म्हनू नगा. तिकडं कुनीतरी बाळंतीण पीत आसंल."

तिच्या डोक्यात जर्मनीतल्या बाळंतिणी होत्या. बर्फातली बाई तिनं बघितलीच नव्हती.

ती गेली. दुसऱ्या दिवशी आप्पाजी पाटावर बसला. जुडी आली. मोडली, नाकाशी धरली, डोळे मिटले. आणि डावीकडं टाकली. दुसरी आली, तीही डावीकडं. दिवस मावळेपर्यंत सगळा माल डावीकडं गेला. बायकोला दिलेला शब्द त्यानं असा पाळला. मनानं हो म्हणायचं नाही, तर मग नाहीच म्हणायचं. दुसरा काही मार्ग त्याला सुचला नाही, आणि तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं.

तीन दिवस डावीकडचा ढीग वाढत राहिला. नरसिंगराव येरझाऱ्या घालायला लागले. "काय रे आप्पाजी, एकदम सगळीकडं खोटीच उगवली काय?" अरविंद वडिलांना म्हणाला, "सीझनचा परिणाम असेल, अप्पा." आप्पाजीनं पुढची जुडी ओढली.

चौथ्या दिवशी मथुरा आली. 

मथुरा बंगळूरजवळच्या होसकोट्याकडची. तिकडं जुनी मराठी घरं आहेत, त्यातली. पन्नाशीची विधवा, पायाला भेगा, हातात कायम लोखंडी पहार. दर पंधरवड्याला माळावरनं मुळी खणून, सावलीत वाळवून, जुड्या डोक्यावर घेऊन बसनं यायची. बारा वर्षांत तिची एक जुडी डावीकडं गेली नव्हती. पुढं पुढं आप्पाजी तिच्या जुड्या मोडायचाही नाही, नुसत्या उजवीकडं सारायचा. पण त्या दिवशी त्यानं मोडली. नाकाशी धरली. त्याचा हात जरा थांबला. मग जुडी डावीकडं गेली.

मथुराला वाटलं, चुकून गेली. दुसरी दिली. तीही डावीकडं.

"आप्पाजी," ती म्हणाली, "माझी जुडी आहे ती."

"व्हय."

"डावीकडं टाकलास."

आप्पाजी हातातला मोडका तुकडा चिमटीत फिरवत राहिला.

"मी खोटी मुळी आणली म्हणतोस? मी? माळ पालथा घालून, काट्यात हात घालून... अण्णा! ओ अण्णा! बाहेर या जरा. हा आप्पाजी मला चोर म्हणतोय!"

वखारीतली माणसं गोळा झाली. नरसिंगराव चष्मा सारखा करत बाहेर आले. मथुरा रडत नव्हती, तिनं पहार जमिनीत रोवली होती. "याला काय म्हणायचं ते माझ्या तोंडावर म्हणू दे," ती म्हणाली. "उद्या माझ्या गावच्या बायका म्हणतील, मथुरा खोटं विकते. मग मी माळावर कुठल्या तोंडानं जाऊ?"

नरसिंगराव वाकले. मथुराच्या जुडीतली एक मुळी त्यांनी मोडली. त्यांचं नाक काही आप्पाजीचं नव्हतं, पण ती मुळी अशी होती की पडशानं नाक चोंदलेल्या माणसालाही कळली असती. त्यांनी ती आप्पाजीच्या नाकाखाली धरली.

"ह्याचा वास घे."

आप्पाजीनं घेतला.

"येतो?"

"न्हाई."

"मुळीला नाही, की तुला नाही?"

आप्पाजीनं मथुराकडं पाहिलं. तिच्या हातांकडं पाहिलं, नखांत अजून माळाची तांबडी माती होती.

"मला," तो म्हणाला. "मथुराक्का, तुजी मुळी खरीच आसंल. मला कळत न्हाई. मला कसलाच वास येत न्हाई."

"कधीपासून?" नरसिंगरावांनी विचारलं.

"तापापासनं."

"तापाला सात महिने झाले! मग एवढा माल कुणी पारखला? एक तक्रार नाही आली रे तिकडून!"

"घरचीनं."

रघुजीच्या तोंडून निसटलं, "म्हंजे वैनी टावेल हुंगत हुत्या ते..." आणि दोघं-तिघं हसले. नरसिंगराव हसले नाहीत. सात महिने गिऱ्हाइकांना पाटाजवळ नेऊन ते ज्या नाकाची बढाई मारत होते ते नाक नव्हतंच, हे त्यांच्या आत हळूहळू उतरत होतं.

"मुळी उन्हात विसावते ते?" अरविंदनं विचारलं.

"ते मी आपलं आसंच म्हनलो हुतो, धाकटं अण्णा."

अरविंदनं डोक्याला हात लावला.

नरसिंगरावांनी मथुराच्या दोन्ही जुड्या स्वतः उचलून उजवीकडं ठेवल्या. तिला म्हणाले, "मथुराक्का, कॉफी घेऊन जा. तुला कुणी काही म्हटलेलं नाही." मग आप्पाजीकडं न बघता म्हणाले, "पाटावरनं ऊठ."

आप्पाजी उठला. कंबरेवर हात ठेवून सावकाश उठला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बोळातल्या खोलीकडं गेला.

त्यानंतर तो वखारीकडं फिरकला नाही. चूल पेटवायचा, काहीतरी करपवायचा, करपलेलं कळायचं नाही म्हणून तेच खायचा. 

बाराव्यानंतर यल्लव्वा आली. खोलीत पाऊल टाकताच पदर नाकाला लावला.

"काय जाळलंय?"

"भात आसंल."

तिनं पातेलं बाहेर नेऊन टाकलं. परत येऊन भिंतीला टेकून बसली. भावाच्या दुःखानं चेहरा उतरलेला होता. मग तिनं विचारलं, "सांगितलंसा?"

"सांगितलं."

"समद्यांच्या म्होरं?"

"समद्यांच्या म्होरं."

"मग?"

"तीन दिस समदाच माल डावीकडं टाकला. चौथ्या दिशी ऊठ म्हनले."

यल्लव्वानं पाय धुतले, तांब्याभर पाणी प्याली, केस बांधले आणि एकटीच वखारीकडं गेली.

तिथं माल छातीएवढा साचला होता. नरसिंगरावांनी आठ दिवस स्वतः हुंगून पाहिलं होतं. विसाव्या मुळीनंतर त्यांना सगळ्यालाच वास यायला लागायचा, स्वतःच्या चपलेलासुद्धा. अरविंदनं कसल्याशा बाटल्या मांडल्या होत्या, त्यांनी टेबलाचं पॉलिश तेवढं गेलं. मद्रासला पत्र गेलं होतं, की या जहाजाला आमचा माल येणार नाही.

यल्लव्वा कुणाला काही न विचारता पाटावर बसली. जुडी ओढली. मुळी मोडली, हुंगली, उजवीकडं. दुसरी. तिसरी डावीकडं. नरसिंगराव दारात उभे राहून बघत होते. दहा-बारा जुड्या झाल्यावर ती थांबली.

"अण्णा, ह्ये माज्यानं हुयाचं न्हाई."

"का गं? झकास चाललंय की."

"हुंगायला काय बी न्हाई. मोडता येत न्हाई मला. सालच निघती नुसती. मोडायला ह्यास्नीच बलवाय पायजे."

आता ही बाई गुडघ्यावर लाकडं मोडायची, हे अख्ख्या बोळानं बघितलेलं होतं. नरसिंगरावांनीही बघितलं असणार. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"लबाड माणूस आहे तुझा," ते म्हणाले. "सात महिने मला फसवलं."

"फसवलं," यल्लव्वा म्हणाली. "पर एक खोटी मुळी तुमच्या पोत्यात घातली न्हाई. तीन दिस समदा माल डावीकडं टाकत हुता, पर घातली न्हाई. आसा लबाड दुसरा गावंल तर ठेवा तुमी."

नरसिंगराव आत गेले. आतून दुसरा पाट घेऊन रघुजी बाहेर आला, तो यल्लव्वाशेजारी मांडला आणि तसाच आप्पाजीला बोलवायला बोळाकडं पळाला.

पुढं ही जोडी आठ-नऊ वर्षं त्या दारात बसली. माल पुन्हा सकाळीच निवडायला हरकत नव्हती, पण अरविंद म्हणाला, ते पाकिटावर छापलंय, आता ऊन दाखवावंच लागेल. म्हणून मुळी खरोखरच दुपारपर्यंत अंगणात पसरायला लागले. एकदा बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बाजूची एक मोठ्या घरची बाई मोटारीतनं आली आणि तिनं पर्समधनं ते बर्फातल्या बाईचं पाकीट काढलं. भावानं जर्मनीहून आणलंय, इथं कुठं असलं काही मिळेल का, म्हणून विचारायला लागली. नरसिंगराव तिला पाटांजवळ घेऊन गेले. "हे आमचं नाक," म्हणून यल्लव्वाकडं बोट केलं, "आणि हा आमचा हात." पासष्ट-सहासष्टच्या सुमाराला तिकडचे शौकीन लोक दुसऱ्याच कुठल्या पाल्याकडं वळले आणि मागणी हळूहळू आटली. पण बंगळुरात तोवर दहा-वीस घरं परत उपळसरी प्यायला लागली होती. तेवढ्यांपुरता माल दारात येत राहिला.

ते सगळं मागाहूनचं. त्या पहिल्या दिवशी आप्पाजी आला तो पाटाजवळ नुसता उभा राहिला. रघुजी म्हणाला, "बसा की, नवी नवरी हाय का काय?" तेव्हा बसला. मुळी घेतली, कट्कन मोडली आणि सवयीनं स्वतःच्याच नाकाकडं नेली. अर्ध्या वाटेवर हात थांबला. मग त्यानं ती यल्लव्वापुढं धरली.

"खरी," ती म्हणाली.

त्यानं उजवीकडं टाकली. दुसरी मोडली.

"खरी."

तिसरी मोडल्यावर मात्र तो हात खाली घेईना. "तसं न्हवं," म्हणाला. "कसा हाय ते सांग."

"काय कसा?"

"वास."

"वास हाय वासासारका. टाका तिकडं. एवढा ढीग पडलाय."

तो पुढची मुळी घेईना. यल्लव्वानं इकडंतिकडं बघितलं. रघुजी पोती शिवत होता, नरसिंगराव आत होते. तिनं ती मुळी परत नाकाशी धरली.

"माडीवर गुळाची ढेप ठेवल्यावर येतो तसा," ती म्हणाली. "हलका."

त्यानं मान डोलावली, मुळी टाकली, पुढची मोडली.

"ह्यो?"

"ह्यो जरा मातीचा. रताळं उकरल्यासारका."

"आनि ह्यो?"

मथुराच्या जुडीतली मुळी होती ती. यल्लव्वानं हुंगली. परत हुंगली.

"आपल्या शालीची टाळू," ती म्हणाली. "तेल घालून निजवल्यावर यायचा तसा."

शाली त्यांची पहिली लेक. आठ महिन्यांची होऊन गेलेली, बंगळूरला यायच्या आधीच. तिचं नाव दोघांत कुणी घेत नसे.

आप्पाजीनं ती मुळी हातात घेतली. नाकाशी नेली नाही. तळव्यावर ठेवून जरा वेळ बघितली, मग उजवीकडच्या ढिगावर वरच्या बाजूला नीट ठेवली आणि पुढची जुडी ओढली.